मांगाला (म्हणजे जपानी कॉमिक्सला) कोणकोणते पुरस्कार असतात?

लातूरकर_९: लै दिवसांपासून मोबाईलवर मांगा वाचायलोय, आता पुस्तकं विकत घ्यावी म्हणतो पण एकेक भाग महाग हाय राव. पुरस्कार बघून निवडावं का? आमचे पप्पा तर म्हणतेत, उलटं पुस्तक काय वाचायलास, उजवीकडून!

परभणीचा_वाचक: हाव, बघ की. शोगाकुकानचा १९५५ पासूनचा, कोदान्शाचा १९७७ चा. पण हे दोघं स्वतःच प्रकाशक हाईत, म्हणजे घरच्याच लग्नात घरचाच आहेर 😄 (तसं बाहेरच्यांनापण देतेत म्हणा). तेझुका ओसामू (मांगाचे लई मोठे चित्रकार) ह्यांच्या नावाचा सांस्कृतिक पुरस्कार असाही शिंबुन ह्या जपानी पेपरचा, १९९७ पासून. पहिल्याच वर्षी मोठा पुरस्कार कुणाला, तर आपल्या डोरेमॉनला! आन आपल्याकडं त्याला अजून बारक्या लेकरांचं कार्टून म्हणतेत.

नांदेडची_मांगावेडी: दादा, तू मांगा ताइशो हा पुरस्कार बघ. २००८ ला सुरू झाला, पुस्तकाच्या दुकानातली माणसंपण मतं देतेत आणि आठपेक्षा जास्त भाग निघालेली मालिका त्या पुरस्काराला चालतच नाही, म्हणजे तुझ्या खिशाला तोच बरा.

लातूरकर_९: आठ भाग म्हणजे जमतंय ताई. पप्पाला डोरेमॉनचं सांगून बघतो आज.