काकूंची स्मरणिका काढायची आहे: आठवणी, छपाई, ट्रस्ट याबद्दल सल्ला हवा

सातपूरकर
नाशिकमधल्या आमच्या कॉलनीतल्या काकूंना जाऊन आठ महिने होत आले. घरात तीन मुलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि त्याच दोन खोल्यांत रोज संध्याकाळी कंपनी कामगारांच्या मुलांचा अभ्यास. पुढे बचत गट, रक्तदान शिबिरं, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची विचारपूस हेही आलं. वर्षश्राद्धाला साधारण ४८ पानांची स्मरणिका काढावी, असं त्यांच्या मुलीचं आणि जुन्या विद्यार्थ्यांचं ठरलंय. प्रती २५०.

अडचणी तीन. ग्रुपवर आवाहन केलं तर हात जोडलेल्या इमोजी आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच आलं. छपाईतलं कुणाला कळत नाही. आणि काहींचा आग्रह आहे की त्यांच्या नावाने ट्रस्ट काढावा. जाणकारांनी सांगावं.

दप्तरखाना
'काकूंबद्दल चार शब्द लिहा' म्हटलं की चारच शब्द येतात: प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख. स्वभाव विचारू नका, वस्तू आणि वेळा विचारा. अभ्यासाला कोण कुठे बसायचं? सासूबाईंचं औषधपाणी आणि शिकवणी एकाच वेळी कशी जमायची? परीक्षा फी कुणाची भरली, ती परत घेतली का, घेतली तर किती हप्त्यांत? चिडल्या की नेमकं काय म्हणायच्या? या प्रश्नांना माणूस आपोआप दहा मिनिटं बोलतो.

लिहून मागू नका, भेटून बोला. दोघांनी जा, एक विचारणारा आणि एक टिपणारा. रेकॉर्डिंगचा फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या रुमालावर ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसांचा आवाज बुडतो. सुरुवातीलाच बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि ठिकाण मोठ्याने बोलून ठेवा. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. जुना फोटो हातात दिला की गाडी लवकर सुरू होते.

क्रम वयाप्रमाणे लावा: ऐंशीच्या पुढचे आधी, विद्यार्थी शेवटी. त्यातही माहेरची माणसं सगळ्यांत आधी. बहुतेक स्मरणिकांत बाई लग्नापासूनच सुरू होते. माहेरचं नाव, शाळा, शिक्षण कुठे थांबलं आणि का, याला निदान तीन पानं द्या.

आता तारखा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. त्या पिढीत गुरुजी सर्रास १ जून टाकत. पत्रिका किंवा जन्मनोंदीचा उतारा असेल तर तो पाहा, नसेल तर नुसतं वर्ष छापा. माहेरच्या आणि सासरच्या नावांची कागदपत्रं दोन वेगळ्या ढिगांत ठेवा, नाहीतर एकाच बाईच्या दोन बाया होतात.

सांगणाऱ्याची वर्षंही घसरतात, मुद्दाम नव्हे. नाशिक महापालिका १९८२ ची, त्यामुळे '१९७८ साली महापालिकेच्या शाळेत' असं कुणी म्हटलं तर खुणेची फुली मारा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, म्हणजे तिथली पदवी त्याआधीची असूच शकत नाही. बचत गटांना बँकेशी जोडण्याची नाबार्डची (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) योजना १९९२ ला आली. कुणी १९८५ चा 'बचत गट' सांगत असेल तर ती बहुधा भिशी किंवा महिला मंडळ असणार. तसंच छापा, त्यात कमीपणा नाही. गटाची इतिवृत्ताची वही आणि बँकेचं पासबुक मिळालं तर सभासद, कर्ज आणि परतफेड तारखेनिशी हाती येते. समाजकार्यावरच्या विशेषणांपेक्षा त्या वहीचं एक पान छापलेलं बरं.

खिळेजुळारी
छपाईचं सांगतो.

आकार साडेपाच बाय साडेआठ इंच ठेवा. सेंटर पिन (मधल्या घडीत पिना) करायची तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. ४८ चालतात, ५० म्हटलं तर दोन कोरी पानं बोकांडी बसतात. इतक्या बारीक पुस्तकाला परफेक्ट बाइंडिंग (कण्याला गोंद लावून बांधणी) सांगू नका, कणा धरत नाही आणि पानं सुटतात. आतला कागद ८० किंवा ९० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), फोटोंची पानं १३० चा आर्ट पेपर, मुखपृष्ठ ३०० चं कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. फोटोंची पानं मधल्या जोडपानांवर एकत्र घेतली की कागद बदलणं सोपं जातं. २५० प्रतींना डिजिटल छपाईच परवडते, पण ऑफसेटचाही भाव विचारून घ्या.

१४ पॉइंटात एका पानावर अडीचशे ते पावणेतीनशे शब्द मावतात. म्हणून प्रत्येकाला २५० शब्दांची मर्यादा आधीच सांगा. नंतर कापलं की माणसं दुखावतात, आणि ते अगदी बरोबर आहे.

मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये येणार आणि डीटीपीवाल्याकडे जुना फॉन्ट असणार. रूपांतर करताना रफार, जोडाक्षरं आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ्ह-ऱ्य हमखास बिघडतो. युनिकोड फॉन्टमध्येच मांडणी करणारा शोधा. नाही मिळाला तर शेवटचं मुद्रितशोधन कागदी प्रुफावर करा, पडद्यावर नको. आडनावं त्या त्या घरच्या माणसाकडूनच तपासून घ्या.

फोटो: पोस्टकार्डाएवढे किंवा लहान असतील तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलने काढलेल्या फोटोत अल्बमच्या प्लास्टिकची चकाकी येते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा धागा मागून हळूहळू सरकवा. तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवले तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फाइल आकसते.

एक महत्त्वाचं: छापखान्याला तारीख देण्याआधी तिथी पाहा. वर्षश्राद्ध तिथीने असतं, ते तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येतं. मध्ये अधिक मास आला तर अठरा-वीस दिवस पुढे जातं. 'तारखेला द्या' म्हणून सांगितलेली स्मरणिका कार्यक्रम उरकल्यावर आल्याची उदाहरणं कमी नाहीत.

ठेवपावती
ट्रस्टच्या आग्रहाबद्दल: नका काढू, निदान पहिल्या वर्षी तरी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी केली की दरवर्षी हिशेब तपासणी आली, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. पाच वर्षांत दोन विश्वस्त पुण्याला गेले, एक वारला, अर्ज राहून गेले, मग बँक सह्या मानत नाही. पैसे पडून, काम बंद.

त्यापेक्षा काकू ज्या शाळेशी जोडलेल्या होत्या तिथे मुदत ठेव द्या. एक लाख ठेवले आणि ७ टक्के मिळाले तर वर्षाला ७,००० रुपये. बक्षीस म्हणून पेला-प्रमाणपत्र नको. दोन मुलांची वह्या-पुस्तकं आणि परीक्षा फी, असं पत्रात स्पष्ट लिहा. व्याज कशावर खर्च करायचं, मूळ रक्कम मोडायची नाही, शाळा बंद झाली तर पैसे कुणाकडे जातील, ही तीन वाक्यं नसतील तर ठेव सर्वसाधारण निधीत विरघळते. देणगी चेकने द्या. रोख २,००० रुपयांच्या वर आयकरात सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर मुळात नाहीच.

पण माझ्या मते पैशापेक्षा काकूंची संध्याकाळची शिकवणी चालू ठेवणं अवघड आणि जास्त मोलाचं आहे. आठवीच्या मुलांची एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घ्या: शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची शाळा, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. एका मोठ्या मुलामागे तीन-चार लहान, आठवड्याचे दोन ठरलेले वार, एवढं पुरे. पोरं नापास होतात त्यापेक्षा कागदांत जास्त अडकतात: उत्पन्नाचा दाखला उशिरा काढला, आधार आणि बँक खात्यातलं नाव जुळलं नाही, किंवा दुसऱ्या वर्षी पोर्टलवर नूतनीकरणच केलं नाही. यातलं शेवटचं सांभाळायला एक माणूस नेमा.

अभ्यासिकेला पुस्तकं देणार असाल तर जुने ठोकळे नकोत. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्याआधीची बहुपर्यायी मुख्य परीक्षेची मार्गदर्शकं म्हणजे कपाट अडवणं.

सातपूरकर
खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. एक राहिलं. दोन मुलींची लग्नं अठराच्या आत ठरली होती, काकूंनी घरी जाऊन थांबवली. आज त्या दोघी नोकरीत आहेत. हे नावानिशी छापावं का? काकूंच्या मुलीला वाटतं की याशिवाय स्मरणिका अपुरी राहील.

दप्तरखाना
छापा, पण नाव, गाव, साल आणि नोकरीचं खातं वगळून. नुसतं नाव काढलं तरी कॉलनीत बाकीच्यावरून ओळख पटते. आधी त्या दोघींना मजकूर वाचून दाखवा. फोनवर 'चालेल ना?' नको, कागद हातात द्या आणि आठवडाभर वेळ द्या. एकीने होकार दिला म्हणून दुसरीचा गृहीत धरू नका. त्यांच्या सासरी हे माहीत नसेल तर प्रसंगच गाळा. फीची मदत घेतलेल्यांनाही हाच नियम.

आणि २५० प्रतींतल्या दोन नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला द्या. १८४० ची संस्था आहे. आधी ग्रंथपालांशी बोला आणि प्रतीसोबत काकूंच्या माहितीचं एक पान जोडा.