पळसदेवला संध्याकाळी जाताना

'पाणी आटल्यावर तलावात फोटो काढण्यासारखं काय उरतं?' असं कुणीतरी म्हटलं, ते अजिबात पटलं नाही. उजनी धरणाचं पाणी उतरतं तेव्हाच तर पळसदेवचं (पुणे जिल्हा) बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. २०२४च्या मे अखेरीस साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली होता (उणे म्हणजे धरणाच्या तळाशी राहणाऱ्या मृतसाठ्यालाही हात लागलेला), तेव्हा आम्ही चालत गेलो होतो. ऊन तिरपं झालं की शिखराच्या विटांमधली एकेक फट उठून दिसते, भेगाळलेल्या गाळात शिंपल्यांच्या कडा चमकतात.

फक्त ट्रायपॉड घेऊन पाण्याच्या कडेला जाऊ नका. गाळ वरून सुकलेला, आत लोण्यासारखा; मी गुडघ्यापर्यंत रुतलो होतो. आणि कळकळीची विनंती, उंचीसाठी तिथल्या वीरगळांवर (वीरांच्या जुन्या स्मृतिशिळांवर) पाय देऊ नका.