चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला स्वतंत्र पुरस्कार हवा की नको?

चर्चाप्रस्ताव : वाचनवेल

गेली काही वर्षे मी आमच्या वसाहतीतल्या मुलांसाठी एक लहानसे ग्रंथालय चालवते. नवी पुस्तके नोंदवहीत चढवताना दर वेळी मी एकाच ठिकाणी अडते. वहीत लेखकाचा रकाना आहे, प्रकाशकाचा आहे, किमतीचा आहे, चित्रकाराचा नाही. पुस्तक उघडून नाव शोधावे, तर श्रेयनामावलीच्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याजवळ, बारीक टायपात 'मुखपृष्ठ व सजावट' असे लिहून त्यापुढे ते दिलेले असते. ज्या चोवीस पानी पुस्तकात मजकूर जेमतेम दीडशे शब्दांचा आहे आणि उरलेली सारी गोष्ट चित्रांतून उलगडते, त्यातल्या चित्रांना सजावट म्हणणे मला पटत नाही. सजावट मांडवाची असते आणि ती उतरवली तरी मांडव उभा राहतो. इथे चित्रे काढून घेतली, तर मुलाच्या हातात गोष्टच उरत नाही.

पुरस्कारांतही हाच रकाना गहाळ आहे. साहित्य अकादेमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप असून तो लेखकाला मिळतो. आपल्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे विभाग कविता, नाटक, कादंबरी, कथा असे वाङ्मयप्रकारांप्रमाणे पाडलेले आहेत. चित्रांनी सांगितलेली गोष्ट यांपैकी कोणत्या विभागात बसवायची?

अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी हा प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सोडवला. तिथल्या ग्रंथालय संघटनेची बालविभाग पाहणारी शाखा दर वर्षी कॅल्डेकॉट पदक देते आणि ते पुस्तकाच्या चित्रकाराला मिळते. पहिले पदक १९३८ साली डोरोथी लॅथ्रॉप यांना मिळाले. त्या पुस्तकातला मजकूर बायबलमधून निवडलेला होता, म्हणजे त्यात नव्याने घडवलेले जे काही होते ते चित्रांतच होते. २०१० साली हेच पदक जेरी पिंकनी यांना इसापाच्या सिंह-उंदराच्या गोष्टीसाठी मिळाले. त्या पुस्तकात निवेदनाचे एकही वाक्य नाही, प्राण्यांचे आवाज तेवढे अक्षरांत आहेत. मुखपृष्ठभर नुसता सिंहाचा चेहरा आहे, त्यावर शीर्षकसुद्धा नाही. हे पुस्तक मराठीत निघाले असते, तर कथेच्या विभागातल्या परीक्षकांनी नेमके काय वाचले असते? कॅल्डेकॉटच्या नियमांत चित्रपुस्तकाची व्याख्याच अशी आहे की ते मुलाला मुळात दृश्य अनुभव देते आणि त्याचे कथासूत्र चित्रमालिकेतून विकसित होते. आंतरराष्ट्रीय पातळीवरचा हान्स ख्रिस्तियन अँडरसन पुरस्कारही १९५६ मध्ये लेखकांसाठी सुरू झाला आणि १९६६ पासून चित्रकारांनाही मिळू लागला.

माझा प्रस्ताव असा आहे की मराठी चित्रपुस्तकांसाठी चित्रकाराचा स्वतंत्र वार्षिक पुरस्कार असावा, परीक्षकांनी सुटी मूळ चित्रे न पाहता छापून बांधलेले पुस्तकच पाहावे, आणि परीक्षकांपैकी निम्मे तरी मुलांना रोज पुस्तके वाचून दाखवणारे असावेत. विरोधी मते मुद्दाम मागते आहे.

प्रतिसाद : कुंचला

मी सतरा वर्षे मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते आहे. प्रस्ताव माझ्या हिताचा आहे हे मला कळते. तरीही माझा त्याला विरोध आहे.

चित्रपुस्तक ही एकसंध वस्तू आहे, आणि लेखन वेगळे, चित्रे वेगळी अशी तिची वाटणी केली की तिचा जीव जातो. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाने २०१६ मध्ये बिग लिटल बुक पुरस्कार सुरू केला आणि त्यात आपण मागता तसे दोन विभाग ठेवले. पहिल्या वर्षी लेखनाचा पुरस्कार मराठीसाठी होता आणि तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. चित्रकाराचा अतनु रॉय यांना. दोन्ही निवडी उत्तम होत्या. पण पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. 'राधाचं घर'मधले वाक्य कुठे संपते आणि चित्र कुठे सुरू होते, हे कोणी मला दाखवून द्यावे. याउलट बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात २००८ साली भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांच्या झाडांवरील पुस्तकाचा गौरव झाला, तो पुस्तकाचा झाला. चेन्नईच्या तारा बुक्सने ते काळ्या कागदावर हाताने, सिल्कस्क्रीनने छापले होते. त्या काळ्या कागदातली रात्र चित्रकारांची, की छापणाऱ्यांची, की ज्याला तो कागद सुचला त्याची? मला उत्तर देता येत नाही आणि द्यावेसेही वाटत नाही.

एक अनुभव सांगते. माझ्या एका पुस्तकात आजी नातीला जवळ घेते, ते चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले होते आणि आजीचा चेहरा मी हौसेने मधोमध काढला होता. पुस्तक बांधून हातात आले, तेव्हा आजीचे नाक आणि एक डोळा शिवणीत गेला होता. ती चूक माझी होती आणि मांडणी करणाऱ्याचीही होती, कारण आम्ही दोघे एकदाही एका टेबलाशी बसलो नव्हतो. चित्रकाराला वेगळे काढून मखरात बसवल्याने ते टेबल कसे तयार होणार?

दुसरा मुद्दा पैशाचा आहे. त्याच पुस्तकाची चौथी आवृत्ती निघाल्याचे मला दुकानात समजले. मानधन एकरकमी मिळाले होते, त्यामुळे पुढच्या कोणत्याही आवृत्तीत माझा वाटा नव्हता. वर्षाकाठी एकाला शाल आणि धनादेश मिळण्यापेक्षा सगळ्यांची नावे मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने येणे आणि सगळ्यांना रॉयल्टी मिळणे मला अधिक मोलाचे वाटते.

उपप्रतिसाद : वाचनवेल

पुरंदरे यांचे उदाहरण मला नेमके उलट दिशेने जाणारे वाटते. त्यांना २०१४ साली साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला आहे. ज्यांच्या चित्रांनी मराठी मुलांना घरातली माणसे, स्वयंपाकघर, पसारा आणि रुसवे-फुगवे पुस्तकात पहिल्यांदा ओळखीचे करून दिले, त्यांनाही आपले मोठे पुरस्कार लेखिका म्हणूनच ओळखतात. पुरस्कार 'पुस्तकाला' द्यावा हे तत्त्वतः सुंदर आहे. व्यवहारात मात्र व्यासपीठावरून नाव पुकारले जाते ते लेखकाचे.

आजीच्या चेहऱ्याबद्दल वाचून मनापासून वाईट वाटले. पण माझी छापील पुस्तकाची अट यासाठीच आहे. ब्रातिस्लाव्हाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात १९६७ पासून प्रामुख्याने मूळ चित्रे मांडली जातात. तिथे तुमचे चित्र भिंतीवर पूर्ण दिसले असते, कदाचित पारितोषिकही मिळाले असते. पुस्तक हातात घेऊन पान उलटणाऱ्या परीक्षकाला मात्र हरवलेला डोळा लगेच दिसला असता. असे परीक्षक असतात हे ठाऊक झाले की प्रकाशकच चित्रकाराला आणि मांडणी करणाऱ्याला एका टेबलाशी बसवतील.

प्रतिसाद : पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. आपण दोघीही कलेविषयी आणि श्रेयाविषयी बोलत आहात. मला अंतराविषयी बोलायचे आहे.

माझ्या वर्गात बत्तीस मुले आहेत आणि पुस्तकाची प्रत एक. मी ते छातीशी धरून पाने मुलांकडे वळवते, तेव्हा पहिल्या रांगेतले मूल तीन फुटांवर आणि शेवटचे बारा-तेरा फुटांवर असते. अतिशय नाजूक जलरंगांचे, जाणकारांनी वाखाणलेले एक पुस्तक मी गेल्या वर्षी दाखवले. पावसाचे पान आले. माझ्या हातात राखाडीच्या सहा-सात छटा होत्या, मागच्या रांगेतल्या मुलाने विचारले, "बाई, हे पान कोरं का आहे?" दुपारच्या सुट्टीत तोच मुलगा ते पुस्तक मांडीवर घेऊन बसला आणि त्याने मला पावसात छपराखाली थांबलेली मुंगी दाखवली. ती मला तोवर दिसलेली नव्हती. तर मग ते चित्र चांगले की वाईट? मला वाटते, घरात एका मुलासाठी ते उत्कृष्ट आहे आणि माझ्या वर्गासाठी निकामी आहे. आपल्याकडे बहुतेक मुलांना चित्रपुस्तक भेटते ते माझ्यासारख्या वर्गात.

ज्या कॅल्डेकॉटचा आपण दाखला दिला, त्याच्या नियमांत लोकप्रियतेचा विचार करायचा नाही असे स्पष्ट म्हटले आहे. मला हे मान्य नाही. मोठ्यांच्या समितीने मुलांची आवड बाजूला ठेवली की निवड मोठ्यांच्या कौतुकाकडे झुकते. २००८ मध्ये त्या पदकासाठी पाचशेहून अधिक पानांचे पुस्तक निवडले गेले. त्यातली चित्रे अप्रतिम असतील, पण ते सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर मावणारे पुस्तक नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी केट ग्रीनअवे यांच्या नावाने ओळखले जाणारे आणि आता कार्नेगीच्या नावाने दिले जाणारे चित्रपदक आहे. तिथे शाळाशाळांतले वाचनगट अंतिम यादीतली पुस्तके वाचतात आणि मुलांची निवड वेगळी जाहीर होते. पुरस्कार द्यायचाच असेल, तर मुलांचे मत सोबत हवे. ते नसेल, तर माझा कुंचला यांच्याइतकाच विरोध समजावा.

प्रतिसाद : ऑफसेट

मी मुद्रणव्यवसायात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मराठीत वर्षभरात निघणाऱ्या चित्रपुस्तकांतून भाषांतरे आणि पुनर्मुद्रणे वगळली, तर दर वर्षी पदक देण्याजोगे पुस्तक मिळेलच अशी खात्री नाही. ब्रिटनच्या त्याच पदकाच्या पहिल्या वर्षी, १९५५ मध्ये, योग्य पुस्तक नाही म्हणून ते कोणालाच दिले गेले नव्हते. आपल्या परीक्षकांकडे तेवढी हिंमत असेल तरच पुरस्कार काढावा. नाहीतर तिसऱ्या वर्षापासून तो आळीपाळीने वाटला जाईल.

उपप्रतिसाद : कुंचला

पाटीपेन्सिल यांची मुंगी वाचून मी माझे पावसाचे एक पान पुन्हा काढून पाहिले आणि ते भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. तेही कोरेच दिसते आहे.

विरोध मी पूर्णपणे मागे घेत नाही. पण पुरस्कार होणारच असेल, तर प्रवेशासाठी दोन अटी घालाव्यात. मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव लेखकाइतक्याच आकाराच्या अक्षरांत असल्याशिवाय पुस्तक स्वीकारू नये, आणि चित्रकाराला प्रत्येक आवृत्तीमागे वाटा देणारा करार जोडलेला असावा. म्हणजे पदक एकालाच मिळाले तरी त्याच्या आशेने पाठवलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या चित्रकाराच्या पदरात काही पडेल.

उपप्रतिसाद : वाचनवेल

पहिली अट मी प्रस्तावात आजच घालते, आणि मुलांच्या वेगळ्या निवडीची पाटीपेन्सिल यांची सूचनाही. करारांविषयी मात्र शंका आहे, कारण हजार प्रती काढून त्या तीन वर्षे विकत बसणारा लहान प्रकाशक या अटीमुळे पुस्तकच पाठवणार नाही, आणि मराठीतली चांगली चित्रपुस्तके पुष्कळदा अशाच घरांतून येतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या आवृत्तीपासून वाटा असे काही करता येईल का, हे कुंचला आणि ऑफसेट या दोघांनी आकडे मांडून सांगावे.

नोंदवहीत मी काल नवा रकाना आखला. जुनी पुस्तके काढून नावे भरते आहे. पहिल्या कपाटातल्या नऊ पुस्तकांत चित्रकाराचे नाव कुठेही छापलेले नाही.