तुमची ब्लॉग-साइट सांभाळताना काय चुकलं? अनुभव लिहा

ब्लॉग सुरू कसा करावा यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं. चार-पाच वर्षं चालवल्यावर काय काय निखळतं, ते फारसं कुणी सांगत नाही. इथे तेवढंच लिहूया. सुरुवात माझ्यापासून.

डोमेनचं, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदणीचं, नूतनीकरण राहून गेलं. आठवणीच्या मेल येत होत्या, पण सोडलेल्या नोकरीतल्या आयडीवर. एका वाचकाने कळवलं तेव्हा समजलं. डॉट कॉमची नोंदणी रद्द झाल्यावरही 30 दिवस ती सोडवता येते, पण भुर्दंड नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट. भरला, काय करणार! आता ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) चालू आहे, आणि त्या खात्याचा मेल आयडी त्याच डोमेनवरचा ठेवलेला नाही. डोमेन बंद, की तो मेलही बंद.

*

माझी गोष्ट लेखांच्या लिंकांची, म्हणजे वेब-पत्त्यांची. वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) शीर्षकावरूनच लेखाचा पत्ता बनवतं. शीर्षक मराठी असलं की लिंक पेस्ट केल्यावर टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ उमटते, कारण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तिथे नऊ-नऊ चिन्हं खाते. पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला जागा 200 चिन्हांचीच. म्हणजे जेमतेम 22 अक्षरं-मात्रा, पुढचं छाटलं जातं! माझे दोन लेख केवळ शेवटच्या शब्दात वेगळे होते. दुसऱ्याच्या शेपटीला नुसता 2 लागला.

मग अंगात आलं आणि सगळे पत्ते एका रात्रीत थेट डेटाबेसमध्ये रोमन करून टाकले. सकाळी जुनी प्रत्येक लिंक 404, म्हणजे ‘पान सापडत नाही’. एकेक लेख उघडून बदलला असता तर वर्डप्रेसने जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्यावर नेलं असतं. शेवटी जुन्या-नव्याची यादी करून हाताने 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं पाठवणारे नियम) लिहिले. नवीन साइट असेल तर पहिल्या लेखापासूनच छोटा रोमन पत्ता द्या.

*

फोनमधले फोटो जसेच्या तसे चढवायचो, एकेक 5 एमबीचा. लेखाचा रकाना 800 पिक्सेलचा! आता आधी 1600 पिक्सेलपर्यंत लहान करतो, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलतो, मगच चढवतो.

*

बॅकअप रोज होत होता. त्याच सर्व्हरवर. बनवणाऱ्याने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या एका प्लगिनमधून (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्राममधून) कुणीतरी आत शिरलं, आणि साइटबरोबर बॅकअपही गेले. बरेचसे लेख मेलमधल्या मसुद्यांतून गोळा केले, प्रतिक्रिया कायमच्या गेल्या. आता एक प्रत घरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या क्लाउडवर. सहा महिन्यांतून एकदा ती रिकाम्या साइटवर चढवून पाहते. पहिल्या खेपेला उघडलीच नव्हती, फाइल अर्धवट होती.

प्लगिन 23 होते, 6 ठेवले. बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. बंद प्लगिनच्या फाइल्स सर्व्हरवर तशाच असतात.

*

मी आपला गूगलच्या ब्लॉगरवरच. प्लगिन नाही, अपडेट नाही, फक्त डोमेन स्वतःचं. अधूनमधून सगळ्या लेखांची एक्सएमएल फाइल उतरवून घेतो, पण त्यात फोटोंच्या लिंकाच येतात, फोटो नाहीत. ते वेगळे ठेवावे लागतात. लिहायचंच आहे तर एवढं पुरतं, असं माझं मत. (वर्डप्रेसवाले चिडतील.)

*

चिडलो नाही. पण हे वाचून डोमेनची तारीख पाहिली. अकरा दिवस उरलेत, आणि मेल आयडी जुन्याच कंपनीचा निघाला.