शब्दचर्चा : ‘वाजवी विश्वास’, भावार्थ आणि व्यर्थ

मांडवीकाठ
मंडळी, अडले आहे. पणजीत बसून भाषांतराची किरकोळ कामं करते. सध्या वास्कोच्या एका मराठी मंडळीसाठी (ख्रिस्ती अर्थाने मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, गप्पांची नव्हे) १६ पानांची पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतेय. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाटायची आहे. वाचणारे बहुतेक सांगली, कोल्हापूर, नगरकडून आलेले. कोणी बंदरात, कोणी बांधकामावर.

पुस्तिकेचे दोन भाग. पहिल्यात विश्वास आणि बुद्धी यांचं वैर नाही असं सांगितलंय. त्याचं शीर्षक ‘रीझनेबल फेथ’. फोनमधल्या भाषांतरयंत्राने ‘वाजवी विश्वास’ असं दिलं. मला तर मडगावच्या बाजारात बांगड्यांची घासाघीस ऐकू आली! शेजारच्या दिवाडच्या आजी म्हणाल्या, “अगो, फेथ म्हणजे भावार्थ. भावार्थ घाल.” शब्द कानाला गोड लागला, घातला. “भावार्थ बुद्धीच्या आड येत नाही.” मसुदा वाचून पाळकसाहेबांचा फोन: “ताई, कशाचा भावार्थ? वरची कविता छापायची राहिली का?”

दुसरा भाग बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकावर, म्हणजे ‘व्यर्थ हो व्यर्थ’. त्याचं दुखणं वेगळंच आहे, ते मागाहून सांगते. आधी शीर्षक सुचवा.

नगरी बाणा
ताई, यात चर्चा कसली? ‘विश्वास’. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विश्वासच चालत आलाय. विश्वासणारे, विश्वासात आलेले, विश्वासात झोपी गेलेले. आजोबांच्या थडग्यावर हेच शेवटचे शब्द आहेत. बायबलमधलं इब्री ११:१ आम्हाला लहानपणीच तोंडपाठ करायला लावलं होतं: ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे.’ एका ओळीत विश्वास, भरवसा, खातरी तिन्ही आले. आणखी काय हवं? श्रद्धा वगैरे नको. आमच्या आजीला त्यात श्राद्ध ऐकू यायचं.

तर्कट
नाम सुटलं, विशेषण अजून लटकतंय. महाराष्ट्रात यासाठी कधीचा रुळलेला शब्द आहे: डोळस. डोळस श्रद्धा विरुद्ध अंधश्रद्धा. ‘डोळस विश्वास’ करा नि मोकळ्या व्हा. वास्कोच्या गवंड्यालाही कळेल.

नगरी बाणा
तर्कटराव, शब्द झकास आहे, पण इथे पायावरच कुऱ्हाड मारतो. येशूचा शिष्य थोमा, त्याची गोष्ट ठाऊक आहे ना? खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. त्याला काय उत्तर मिळालं? पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे ते धन्य. आणि पौल करिंथकरांना लिहितो, आम्ही विश्वासाने चालतो, डोळ्यांना दिसतं त्याप्रमाणे नाही. आता त्याच विश्वासाला डोळे लावायचे?

तर्कट
डोळस म्हणजे बुबुळांनी बघणारा नव्हे हो. डोळस माणूस म्हणजे विचार करून चालणारा. लाक्षणिक अर्थ धरा की. नाहीतर उद्या ‘दृष्टिकोन’ही बाद कराल.

शुद्धमती
सयुक्तिक. युक्तीला धरून असलेलं ते सयुक्तिक. नेमकं, निर्दोष, मराठी. ‘वाजवी’ हा तर अरबी ‘वाजिब’चा अवतार. धर्माच्या पुस्तिकेत बाजारी फारसी-अरबी शब्द कशाला?

तर्कट
शुद्धमतीबाई, ‘वाजिब’ म्हणजे मुळात बंधनकारक, करायलाच हवं असं. इस्लामी धर्मशास्त्रातला भारदस्त शब्द आहे तो. बाजारात आपण नेला. शिवाय वर नगरीसाहेबांनी दिलेल्या वचनातली ‘खातरी’ही अरबी ‘खातिर’वरूनच आलीय. काढता का बायबलमधून?

डिचोलीचे मास्तर
उशिरा आलो. गणेशवाडीच्या रस्त्यात झाड पडल्यामुळे दोन दिवस वीज नव्हती.

भावार्थाला असं वाऱ्यावर सोडू नका. ‘खालील ओळींचा भावार्थ लिहा, गुण ५’ हा प्रश्न मी स्वतः ३१ वर्षं काढला, त्यामुळे पाळकसाहेबांना कविता आठवली तो दोष माझ्यासारख्यांचाच. पण कीर्तनात ‘भोळा भावार्थ’ ऐकला नाहीत? तिथे भावार्थ म्हणजे सारांश नव्हे, निखळ भाव. लहानपणी आई म्हणायची, “बुवा विद्वान नाही रे, पण भावार्थी आहे.”

आणि हा शब्द गोव्यात ख्रिस्ती करून घेतला तो एका इंग्रजाने. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या राशोलला छापलं. जवळपास अकरा हजार ओव्या, लिपी रोमी, भाषा मराठी. ‘तैसी भासांमाजी चोखळा, भासा मराठी’ हे त्याचंच. त्यात भावार्थी जागोजागी भेटतात. म्हणजे आजींनी सुचवलेला शब्द चारशे वर्षांचा जुना मराठी ख्रिस्ती शब्द आहे. नगरचा ‘विश्वास’ त्याच्यापुढे कालचं पोर. विल्यम केरीचा मराठी नवा करार सेरामपूरला छापला तो १८११ साली!

दिवाडकर
मास्तर, मान राखून म्हणतो, भावार्थ हा पुराणात असेल, पण तो जगला तो कोंकणीत. दर आयताराला (रविवारी) इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकतो. भावार्थ, भरंवसो आनी मोग, म्हणजे विश्वास, आशा आणि प्रेम. स्टीफन्सचीच ख्रिस्ती शिकवणुकीची कोंकणी पोथी तो वारल्यावर तीन वर्षांनी, १६२२ साली निघाली. तेव्हा तुमचा इंग्रज आमचाही आहे.

शुद्धमती
आता कोंकणी-मराठी वाद नको, हात जोडते. मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.

दिवाडकर
वाद कोण घालतोय, बाय? मी म्हणतोय की शब्द सीमा ओलांडला की माणूस फसतो. फोंड्यातल्या एका कार्यालयात मी नवा लागलो होतो. उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारी सकाळी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन पोचलो. कोल्हापूरकडचे एक सहकारी म्हणाले, “हे काय?” मी म्हटलं, “आज गोबराचो बुधवार.” त्यांनी खुर्ची दोन फूट मागे घेतली. कोंकणीत गोबर म्हणजे राख. त्यांच्या डोक्यात गोबरगॅस! पुढे वर्षभर त्यांनी माझ्या डब्यातलं काही खाल्लं नाही.

वाफाळ
😂😂 गोबराचो बुधवार!

डिचोलीचे मास्तर
आणि त्याच्या आधीचे चार दिवस कार्निव्हालच्या मोमो राजाचं फर्मान, ‘खा, पिये, मजा कर’. लूकच्या शुभवर्तमानातला तो धनवान मूर्खही हेच म्हणतो ना, जिवा विसावा घे, खा, पी, आनंद कर? आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. कार्निव्हाल संपता संपता राख लावणाऱ्याला क्रम बरोबर कळला होता.

मांडवीकाठ
बरं झालं, विषय तिकडे वळलाच. दुसऱ्या भागाचं दुखणं सांगते.

मागच्या रविवारी उपासनेनंतर मसुदा वाचून दाखवला. ‘सर्व काही व्यर्थ’ इथवर आले. मागच्या बाकावरचे एक गवंडी, साठीच्या आतबाहेरचे, नखांत अजून सिमेंट, उठून म्हणाले, “बाई, काल मी चिखलीला नऊ फूट भिंत उभी केली. ओळंबा लावून. ती व्यर्थ का?” पाळकसाहेब काहीतरी बोलले, पण प्रश्न बरोबर होता. मला उत्तर देता आलं नाही. ‘व्यर्थ’ हा शब्द तिथे बसत नाही असं वाटतंय, पण छापील बायबलात तोच आहे.

नगरी बाणा
छापील आहे म्हणूनच हात लावू नये. ‘व्यर्थ हो व्यर्थ’ची लय गेली की ओळ गेली.

तर्कट
एक कबुली. मी नास्तिक, पण उपदेशक आवडता. हिब्रूत तिथे ‘हेवेल’ आहे. छोट्याशा पुस्तकात ३८ वेळा येतो. मूळ अर्थ वाफ, फुंकर, श्वास. ‘निरुपयोगी’ असा नव्हे. लॅटिनमध्ये त्याचा ‘वानितास’ झाला, म्हणजे पोकळपणा, तो इंग्रजीत गेला आणि आपल्याकडे ‘व्यर्थ’. वाफ पोकळ नसते हो. हाताला चटका देते! फक्त टिकत नाही, मुठीत येत नाही.

गंमत म्हणजे काइनाने ज्याला मारलं तो हाबेल, त्याचं नावही हिब्रूत याच अक्षरांचं. बाप आदम, ज्याचं नाव मातीशी जोडलेलं, आणि मुलगा वाफ.

दिवाडकर
हे मला नवीन! चाळीस वर्षं इगर्जेत जातो, कोणी सांगितलं नाही.

तर्कट
आणि गवंडीबाबांना सांगा, तोच उपदेशक पुनःपुन्हा म्हणतो की माणसाने खावं, प्यावं आणि आपल्या श्रमात सुख घ्यावं, ते देवाचं देणं आहे. भिंत व्यर्थ असती तर हे कशाला म्हणाला असता?

डिचोलीचे मास्तर
वा. मला जुन्या गोव्यातला ऑगस्तीनचा बुरूज आठवला. १६०२ साली पुरा झाला, १८३५ साली मठ ओस पडला, १८४२ साली घुमट कोसळला. आता अर्धाच उभा आहे, पिंपळाच्या मुळ्या धरून. दरवर्षी मुलांना सहलीला नेऊन मी सांगायचो, पाहा, वैभव व्यर्थ. आता वाटतं, उगीच सांगायचो. त्याची घंटा १८७१ पासून पणजीच्या देवळात, म्हणजे मोठ्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये, वाजतेय. सरलं ते सगळं वाया गेलं असं कुठे?

मला विचाराल तर ‘वाफ हो वाफ’ नको, हसतील. ‘फोल’? फोल म्हणजे दाणा नसलेलं टरफल.

शुद्धमती
फोल तर व्यर्थाहून वाईट. त्यात दाणा कधी नव्हताच. ‘क्षणभंगुर’ म्हणा.

वाफाळ
‘क्षणभंगुर हो क्षणभंगुर’. गवंडी मागच्या बाकावरून पडेल.

नगरी बाणा
वाफ बायबलमध्ये आहेच की. याकोब म्हणतो, तुम्ही वाफ आहात, थोडा वेळ दिसते आणि मग दिसेनाशी होते. मजकुरात ‘व्यर्थ’ ठेवा, खाली टीप द्या, मूळ शब्द वाफ. लय राहील, भिंतही राहील.

मला मात्र वेगळंच खटकतंय. ‘प्रापंचिक धडपड’ असं कुठे लिहिलंय का मसुद्यात? आमच्याकडे प्रपंच म्हणजे बायकापोरं. त्याला पोकळ म्हणू नका, बायका पुस्तिका चुलीत घालतील.

मांडवीकाठ
लिहिलं होतं. आत्ता खोडलं. ‘जगाच्या मागे धावणे’ केलं.

टीप आवडली. घरी पेज उकळत होती, झाकण काढलं आणि क्षणभर पाहत राहिले. वाफ वर गेली, चष्मा धुरकटला, पुसेपर्यंत गेली. पेज मात्र खाली होतीच. गवंडीबाबांना हेच सांगेन बहुतेक.

पण शीर्षक? उद्या दुपारी छपाईला द्यायचंय.

डिचोलीचे मास्तर
एक गंमत पाहा. भावार्थ, व्यर्थ, निरर्थक, परमार्थ. सगळ्यांच्या पोटात ‘अर्थ’. तुमच्या पुस्तिकेचे दोन्ही भाग एकाच शब्दाभोवती फिरतायत. पहिल्यात भावाला अर्थ आहे का, दुसऱ्यात जगण्याला आहे का. म्हणून ‘सार्थ विश्वास’!

तर्कट
मास्तर, श्लेष छान, पण सार्थ म्हणजे बुद्धीला पटलेला नव्हे. ‘सार्थ ज्ञानेश्वरी’सारखा वाटतो, विश्वासासोबत खाली अर्थ दिलाय असा.

पौल रोमकरांस १२:१ मध्ये म्हणतो ती सेवा ग्रीकमध्ये ‘लोगिके’. जुन्या इंग्रजीत रीझनेबल, मराठीत ‘आध्यात्मिक सेवा’. बुद्धी कुठच्या कुठे गेली. मूळ शब्द लोगोस, योहानाच्या ‘प्रारंभी शब्द होता’मधला. त्या हिशेबाने तर ‘शाब्दिक विश्वास’ व्हायला हवा!

वाफाळ
शाब्दिक विश्वास तर सगळ्यांकडेच असतो 🙂

शुद्धमती
सयुक्तिक. शेवटचं सांगते.

दिवाडकर
बाय, सयुक्तिक हा शब्द बंदरावर कोणी उच्चारून दाखवावा, मी त्याला फिशकरी देतो. आणि ‘वायफळ’चं काय? उपदेशकात ‘वायफळ उद्योग’ आहे ना, वाऱ्यामागे धावण्यासाठी? वायफळ म्हणजे वायूचं फळ?

डिचोलीचे मास्तर
वाया जाणारं फळ. वायू कुठून आला?

तर्कट
हिब्रूत तिथे वाराच आहे, त्यामुळे वायू असावा असं वाटतं खरं.

डिचोलीचे मास्तर
हिब्रूत आहे म्हणून मराठी व्युत्पत्ती बदलत नाही. आमच्या वाडीवर न धरणाऱ्या आंब्याला वायफळ म्हणतात.

दिवाडकर
कुठल्या आंब्याला? मानकुराद कधी कधी एक वर्ष आड धरतो, त्याला कोण वायफळ म्हणेल?

डिचोलीचे मास्तर
मानकुराद नव्हे, रायवळ.

नगरी बाणा
ताई, शीर्षक काय दिलंत शेवटी?

शुद्धमती
आणि ‘खातरी’ की ‘खात्री’ ते एकदा कोणीतरी सांगा. वर तीनदा ‘खातरी’ आलंय.