मदत हवी आहे: आर्टेमियातून औषध देतोय, माशांची पिल्लं तरी मरताहेत

काणकोणकर: दोन टाक्या जवळजवळ गेल्या, सकाळी तळाशी पांढरा खच. आर्टेमिया (पिल्लांचं जिवंत खाद्य, कोळंबीसारखा बारीक जीव) अंड्यातून फुटला की औषधाच्या पाण्यात ठेवतो, गाळून लगेच पिल्लांना घालतो. फरक शून्य. डोस दुप्पट करू का? आजच सांगा.

बेतीचो: मासा कुठला? पिल्लं किती दिवसांची? औषध कुठलं? सायबा, काहीतरी लिहा!

काणकोणकर: चणक (जिताडा), आणखी काय. औषध ऑक्सी, पूड.

खारं पाणी: ऑक्सी म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन, हे प्रतिजैविक समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसतं, बराचसा जोर तिथेच जातो. शिवाय नुकता फुटलेला नारिंगी आर्टेमिया काही खातच नाही. तोंड उघडलेलं नसतं, अंगातल्या बलकावर जगतो. साधारण ८ तासांनी कात टाकतो, मग समोर येईल तो बारीक कण गिळतो. औषध तेलाच्या इमल्शनमध्ये (पाण्यात घुसळलेल्या तेलात) मिसळून तेव्हा द्या. नंतर धुऊन ताबडतोब टाकीत. वेळ काढलात तर पोटातलं बाहेर टाकतो.

काणकोणकर: ८ तासांचा पिल्लांच्या तोंडात मावत नाही.

खारं पाणी: म्हणून तर बेतीचोनं वय विचारलं! रोटिफरवर (आर्टेमियाहून बारीक जिवंत खाद्य) असतील तर रोटिफरलाच खाऊ घाला ना औषध.

हळदवाली: कशाला ती औषधं? माझ्या गप्पींना हळद-लसूण घालते, एकही मरत नाही.

बेतीचो: ताई, गप्पी पोहणारी पिल्लंच घालते. चणकाचं अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटर असतं.

मानशीकडचा: चणकाचं बीज मिळेल का खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) सोडायला? दर काय?

नियमवाला: क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर मत्स्यपालनात बंदी आहे, कुणी सांगितलं तरी वापरू नका.

खारं पाणी: ते कुणी विचारलंय?

नियमवाला: न विचारताच वापरतात, म्हणून सांगितलं.

बेतीचो: काणकोणकर, पिल्लं काळी पडून गिरक्या घेतात का?

काणकोणकर: हो, बरीचशी. त्याचं काय?

बेतीचो: अहो, हे आधी सांगायचं! नर्व्हस नेक्रोसिसचा विषाणू असू शकतो, त्यावर कुठलंच प्रतिजैविक चालत नाही. मरायला टेकलेली थोडी पिल्लं अल्कोहोलमध्ये घालून पीसीआर चाचणीला द्या, थोडी जिवंत व्हिब्रिओ हे जीवाणू प्लेटवर वाढवून बघण्यासाठी. कुठे द्यायची ते जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या (कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्रात विचारा. टाक्यांची जाळी, बादल्या वेगळ्या करा.

खारं पाणी: गिरक्या व्हिब्रिओतही दिसतात. प्लेटवर कुठलं औषध लागू पडतं तेही बघून घ्या.

काणकोणकर: रिपोर्ट येईपर्यंत काय उरणार? तोवर इमल्शनमध्ये किती घालू तेवढं सांगा.

बेतीचो: रोग कळल्याशिवाय आकडा मी तरी देणार नाही. वय अजून सांगितलं नाहीत.