बाळंतपणानंतरचं नैराश्य : बहिणीसाठी योग कसा सुरू करावा?

प्राजक्त_नाशिक :
माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर होऊन अडीच महिने होत आलेत. बाळ छान आहे, वजन वाढतंय. बहीण मात्र पार खचली आहे. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, दुपारी उगीचच रडू कोसळतं, "मला हे जमणारच नाही" हे पालुपद चालू असतं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य सांगितलं, गोळी सुरू केली, अंगावर पाजायला हरकत नाही म्हणाले. जोडीला योग केला तर चांगलं, असंही म्हणाले, पण कुठला आणि कसा हे विचारायचं राहिलं. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, "सव्वा महिना कधीच झाला, आता सूर्यनमस्कार घाल, पोट उतरेल आणि मनही ताळ्यावर येईल." मला ते पटत नाहीये. कुणी यातून गेलं असेल किंवा शिकवत असेल तर सांगा ना.

कोयना :
मी यातून गेले आहे. तुम्ही तिला वेळेत डॉक्टरांकडे नेलंत, हे फार चांगलं केलंत. मला घरच्यांनी "होतं गं असं, सगळ्यांनाच होतं" म्हणत कितीतरी महिने तसंच बसवून ठेवलं होतं.

योगाचा मला उपयोग झाला, पण आसनांइतकाच त्या अर्ध्या तासाचा झाला. दार लोटलेलं, बाळ सासूबाईंकडे, आणि ते रडलं तरी मला हाक मारायची नाही असं ठरलेलं. क्लास लावण्याआधी ही सोय लावा. बाळ कुणाकडे, किती वाजता, हे नावानिशी ठरवा. "वेळ मिळेल तेव्हा कर" म्हटलं की बाळंतिणीला तो कधीच मिळत नाही. रात्रीचं एक दूध काढून ठेवून दुसऱ्या कुणी पाजलं आणि तिला सलग चार-पाच तास झोप मिळाली, तर निम्मं काम तिथेच होईल.

शेवंती :
मी पुण्यात बाळंतिणींना योग शिकवते. सिझर आहे, तेव्हा आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून टाके आणि पोट तपासून घ्या. बऱ्याच जणींचे पोटाचे मधले स्नायू फाकलेले असतात. अशा वेळी कपालभाती, भस्त्रिका, नौकासन, पोटाला ताण देणारं काहीच नको. सूर्यनमस्कारही थांबू देत. पोट उतरवायचा विषयच घरात सध्या बंद करा, तिच्या मनाला तो टोचतच असणार.

मी सुरुवात खांद्यांपासून करते. पाजून पाजून पाठ वाकलेली असते, खांदे पुढे आलेले असतात. चादरीची लांबट घडी करायची, दोन-तीन बोटं जाड, आणि ती पाठीच्या कण्याखाली उभी ठेवून झोपायचं. डोक्याखाली उशी, गुडघ्यांखाली लोड, हात दोन्ही बाजूंना सैल. छाती उघडते, श्वास आपोआप खोल जातो. मग उशांच्या आधाराने सुप्त बद्धकोनासन (पाठीवर झोपून तळपाय एकमेकांना जोडायचे, गुडघे बाजूंना सैल सोडायचे), आणि डॉक्टर हो म्हणाले तर भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी. श्वास सावकाश सोडायचा, रोखायचा अजिबात नाही. आधी बाळाला पाजून घ्या, नाहीतर छाती भरून दुखते आणि सगळं लक्ष तिकडेच. वीस मिनिटं खूप झाली. ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवशी नुसतं घडीवर पडली तरी चालेल.

निर्झर :
या गोळ्यांची सवय लागते ना? जरा बरं वाटलं की बंद करून नुसत्या प्राणायामावर ठेवता येणार नाही का?

पाऊलवाट :
निर्झर, मी मानसोपचारातच काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते : असं करू नका. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी होते आणि आजार उलटू शकतो. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. कधी आणि कशा कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील.

योगाला आधार आहे. अमेरिकेत आयोवामध्ये अशाच 57 बायकांवर एक चाचणी झाली, 2015 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 8 आठवड्यांत 16 वर्ग घेतले, आणि योग करणाऱ्या गटाचं नैराश्य दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं. चाचणी लहान आहे, म्हणून मी योगाला जोड मानते, उपचाराची बदली नाही.

प्राजक्त, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का? बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडला तर असाच थकवा आणि उदासी येते. आणि घरात कुणी "हिचं मनच नाजूक" म्हणत असेल तर त्यांना सांगा, गोव्यातल्या मातांचा 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात 23 टक्के जणींना हा त्रास आढळला होता.

प्राजक्त_नाशिक :
तपासण्या उद्याच करते. एक अडचण आहे. काल शवासनात डोळे मिटले आणि घाबरून उठून बसली. डोळे मिटले की "बाळाला काहीतरी होणार" हेच मनात येतं म्हणे. रोज थोडं थोडं करवून घेऊ का?

शेवंती :
नाही, मुळीच नको. नैराश्यात शांत पडून राहिलं की मन त्याच त्या विचारात फिरत राहतं. डोळे उघडे ठेवू दे, खिडकीकडे तोंड करून कुशीवर झोपू दे. ध्यान सध्या बाजूला ठेवा. हालचाल असलेलं करा : श्वासाबरोबर हात वर-खाली, बसून मान आणि खांदे फिरवणं, घरातल्या घरात सावकाश चालणं. तुम्ही शेजारी बसून स्वतःही केलंत तर आणखी चांगलं. आणि ऑनलाइन लावलंत तर शिक्षिकेला ती दिसेल असाच वर्ग घ्या, नुसते व्हिडिओ नकोत.

पाऊलवाट :
हे विचार डॉक्टरांना फोन करून आजच सांगा. असे नको ते विचार पुष्कळ आयांना येतात आणि त्यांना लाज वाटते म्हणून त्या बोलत नाहीत. तिला रागावू नका. मात्र जगणं नको, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं ती म्हणाली, रात्र-रात्र जागी राहून झोपेची गरजच नाही म्हणू लागली, नसलेले आवाज ऐकू आले किंवा घरच्यांवर भलताच संशय घेऊ लागली, तर थांबू नका, तिला एकटी सोडू नका आणि सरळ दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे : 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

प्राजक्त_नाशिक :
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी आत्ताच बोलले, त्यांनी लगेच बोलावलंय. संध्याकाळी साडेसहा ते सात बाळ बाबांकडे, हे आईसमोरच ठरवून टाकलं. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला घरी येऊन शिकवणाऱ्या कुणी माहीत असतील तर मला निरोप करा.